महादेवबाबा नावाचा साहेब
नळदुर्गच्या किल्ल्यात राहून आणि सुरपूरच्या टेकडीवर घर बांधून दख्खनची भाषा आत्मसात करणाऱ्या मेडोज टेलरची जीवनकथा

बीडहून धुळे-सोलापूर महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की चौसाळा मागे पडते, धाराशिव येते आणि पुढे बालाघाटाच्या कड्यावर तुळजापूर दिसू लागते. बीड जिल्ह्यातील असंख्य भाविकांच्या पायाखालची ही वाट आहे. तुळजापुरातच परत न फिरता सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागले की नळदुर्ग येते. बोरी नदीच्या वळणावर उभा असलेला हा विस्तीर्ण किल्ला पाहायला येणारे बहुतेक जण पाणीमहाल पाहतात, पावसाळा असेल तर नर-मादी धबधब्यांसमोर छायाचित्रे काढतात, उपळ्या बुरुजावर चढून दम टाकतात आणि परततात. याच किल्ल्यात सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी एक इंग्रज अधिकारी संसार आणि कचेरी थाटून चार वर्षे राहिला होता आणि या मुलखातील बायाबापड्या त्याला महादेवबाबा म्हणत, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर. इंग्रजी वाचकांच्या जगात ठगांवरील कादंबरीमुळे तो गाजला आणि इतिहासाच्या अभ्यासकांना त्याचे आत्मचरित्र परिचित आहे. मराठवाड्यात मात्र त्याची आठवण पुसट झाली आहे. वास्तविक परक्या मुलखात जाऊन, तिथल्या भिंती उभारत, जमिनी मोजत तिथली भाषा कशी अंगी मुरते, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण. अलीकडच्या काळात इंग्लंडमधील मध्यमवर्गीय फ्रान्सच्या खेड्यांत जुनी घरे विकत घेतात, ती दुरुस्त करतात आणि गवंडी, नळकारागीर, दस्तऐवज करणारा नोटरी यांच्याशी झटापट करता करता फ्रेंच शिकतात. पीटर मेल या लेखकाने 1989 मध्ये प्रोव्हान्समधील आपल्या जुन्या शेतघराच्या दुरुस्तीवर लिहिलेल्या पुस्तकाने तर या हौसेला जगभर प्रसिद्धी मिळवून दिली. टेलरची गोष्ट वेगळी होती. तो हौसेने आला नव्हता, आणि परतीचे तिकीट त्याच्या खिशात नव्हते.

25 सप्टेंबर 1808 रोजी लिव्हरपूल येथे त्याचा जन्म झाला. वडील व्यापारी होते. आई नॉर्थम्बरलंडमधील मिटफर्ड या जुन्या खानदानातील. व्यापारातील चढउतारांनी घरची स्थिती खालावली आणि वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी मुलाला मुंबईतील बॅक्स्टर नावाच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर धाडण्यात आले. पुढे भागीदारी मिळेल, अशी आशा दाखवण्यात आली होती. मुंबईत उतरल्यावर कळले ते इतकेच, की पेढीच डबघाईला आली आहे. परक्या देशात, ओळखीपाळखीवाचून अडकलेल्या या मुलाला आईकडच्या नात्यातील एका वजनदार गृहस्थाने हात दिला आणि 1824 मध्ये त्याला निजामाच्या लष्करात अधिकारी म्हणून नेमणूक मिळाली.

या नेमणुकीतच त्याच्या आयुष्यभराच्या भाग्याचे आणि दुर्भाग्याचे मूळ आहे. कंपनी सरकारच्या सनदी नोकरांची एक जात होती. निजामाच्या नोकरीतील गोऱ्या अधिकाऱ्यांची दुसरी. पहिल्यांना बढती, निवृत्तिवेतन आणि मान आपोआप मिळे. दुसऱ्यांनी कितीही कर्तबगारी गाजवली, तरी ते स्थानिक नोकरच राहत. टेलरला हे शल्य अखेरपर्यंत टोचत राहिले. पण याच कारणाने तो कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या साहेबी वर्तुळात कधी रमला नाही आणि दख्खनच्या मातीला चिकटून राहिला.

पहिला मुक्काम औरंगाबादला पडला. इथे मुनशी ठेवून त्याने हिंदुस्थानी शिकायला सुरुवात केली. पण मुनशीकडून भाषेचा सांगाडा मिळतो, रक्तमांस बाहेरून यावे लागते. ते त्याला मिळाले ते पोलिसी कामामुळे. लष्करातून त्याला लवकरच मुलकी कामाकडे वळवण्यात आले आणि विशीतला हा पोरगेला साहेब निजामाच्या नैर्ऋत्येकडील जिल्ह्यांत घोड्यावरून फिरू लागला. तुळजापूर हे त्या काळातील त्याचे एक ठाणे होते. दरोडेखोरांचा माग काढणे, गावोगावच्या पाटील-कुलकर्ण्यांकडून माहिती काढणे, बाजार-जत्रांमध्ये बंदोबस्त ठेवणे, हे काम दुभाष्याच्या कुबड्यांवर होणारे नव्हते. खबऱ्या जे सांगतो त्यातील खरे किती आणि खोटे किती, हे ओळखायचे तर त्याच्या तोंडचा शब्द स्वतःच्या कानांनी ऐकावा लागतो.

ठगांचा सुगावाही त्याला याच भ्रमंतीत लागला. प्रवासी वाटेतून नाहीसे होतात, प्रेतेही सापडतात, पण गुन्हेगार मात्र हाती लागत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आले होते. चौकशी पुढे न्यायच्या आतच त्याला पलटणीत परत बोलावण्यात आले आणि ठगांच्या बंदोबस्ताचे श्रेय कॅप्टन स्लीमन यांच्या नावावर जमा झाले. पुढे मात्र पकडलेल्या ठगांच्या जबान्या नोंदवण्याचे काम टेलरकडे आले. माफीचे साक्षीदार झालेले हे लोक तासन्‌तास बोलत आणि तो ऐकत राही. त्यातून ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी जन्मली. 1839 मध्ये लंडनमध्ये ती प्रसिद्ध झाली आणि रजेवर गेलेला एक अनोळखी अधिकारी रातोरात लेखक ठरला. अमीर अली हा ठग स्वतःच्या तोंडाने आपली कहाणी सांगतो, अशी तिची रचना आहे. कथा इंग्रजीत असली तरी तिचा श्वास हिंदुस्थानी आहे. वाचकाला ते जाणवते, आणि त्या पुस्तकाचे खरे यशही तेच आहे.

दरम्यान त्याचा विवाह झाला होता. पत्नी मेरी ही हैदराबादचे प्रसिद्ध सावकार विल्यम पामर यांची कन्या. या पामरांची आई फैज बख्श ही उत्तर हिंदुस्थानातील उमराव घराण्यातील मुसलमान स्त्री होती, तर वडील जनरल पामर हे काही काळ पुण्यात पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होते. म्हणजे टेलरची सासुरवाडीच दोन भाषांत आणि दोन संस्कृतींत नांदणारी. ज्या घरात जेवणाच्या मेजावर इंग्रजी आणि आतल्या दालनात उर्दू चालत असेल, त्या घरचा जावई कोरा राहणे शक्य नव्हते. दुर्दैवाने मेरीचे 1844 मध्ये निधन झाले. मुली शिक्षणासाठी विलायतेत होत्या. टेलर एकटा राहिला आणि त्यानंतर त्याने पुन्हा लग्न केले नाही.

तोवर तो सुरपूरला पोहोचला होता. इंग्रजी कागदपत्रांत शोरापूर म्हणून येणारे हे गाव आज कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यात आहे. बेडर नायकांचे हे छोटे पण कडवे संस्थान. 1705 मध्ये याच नायकांच्या वाकिनखेड्याच्या गढीसमोर म्हातारा औरंगजेब जातीने उतरला होता. त्याच्या आयुष्यातील तो अखेरचा मोठा वेढा. 1840 नंतरच्या काळात हे संस्थान कर्जात बुडालेले, गादीवर अल्पवयीन राजा, राणी ईश्वरम्मा आणि भाऊबंद यांच्यात उघड संघर्ष, अशी अवस्था होती. निजामाची खंडणी थकलेली होती. बेडरांच्या हत्यारबंद टोळ्या कोणालाही जुमानत नव्हत्या. अशा ठिकाणी टेलरला कारभार पाहण्यासाठी पाठवण्यात आले आणि थोडीथोडकी नव्हे, जवळजवळ बारा वर्षे तो तिथे राहिला.

इथेच त्याने टेकडीवर स्वतःच्या आराखड्याप्रमाणे घर बांधले. आज ते टेलर मंझिल म्हणून ओळखले जाते. खाली गाव, भोवती शिळांनी भरलेल्या टेकड्या आणि मध्ये हे घर. तंबूत राहणारा अधिकारी आणि घर बांधणारा अधिकारी यांत मोठा फरक असतो. तंबूतील साहेबाला हुकूम देण्यापुरती भाषा पुरते. घर बांधणाऱ्याला मात्र वडाराशी दगडाच्या प्रतीवरून बोलावे लागते, पाथरवटाशी घडाईवरून, गवंड्याशी चुन्याच्या घाणीवरून आणि सुताराशी तुळईच्या लाकडावरून. दख्खनमध्ये घराची मापे खणांत मोजतात आणि माळवदावर पांढरी माती किती जाड पसरावी, ती पावसाआधी कधी चोपावी, हे पुस्तकात लिहिलेले नसते. ओळंबा, गुण्या, कोनाडा, कडीपाट, लादणी हे शब्द कोशातून पाठ करणारा ते आठवडाभरात विसरतो. ज्याच्या स्वतःच्या डोक्यावरचे छत गळू लागते, तो ते जन्मभर विसरत नाही. आजही मराठवाड्यातील जुन्या वाड्यांची दुरुस्ती हाती घेणाऱ्या शहरी वारसदारांना हा अनुभव येतो. नातवाला आजोबांच्या वाड्यातील निम्म्या वस्तूंची नावे गवंड्याकडून शिकावी लागतात!

टेलरला स्थापत्याचे रीतसर शिक्षण नव्हते. पंधराव्या वर्षी शाळा सुटलेल्या या माणसाने कायदा, मोजणी, तलावांचे बांधकाम, भूगर्भशास्त्र, वनस्पती असे सारे स्वतःच्या बळावर शिकून घेतले. चित्रेही तो उत्तम काढी. सुरपूरच्या परिसरात रानोमाळ विखुरलेल्या प्रचंड शिळांच्या रचना, शिळावर्तुळे आणि शिळापेट्या त्याच्या नजरेत भरल्या. राजनकोळूर आणि जेवरगी भागातील अशा प्राचीन दफनांचे त्याने उत्खनन केले, मोजमापे घेतली, रेखाटने केली आणि आयर्लंडमधील तशाच अवशेषांशी त्यांची तुलना केली. दख्खनमधील महापाषाणयुगीन संस्कृतीचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांत त्याचे नाव घेतले जाते. 1840 पासून 1853 पर्यंत तो लंडनच्या ‘टाइम्स’साठी वार्तापत्रेही लिहीत असे. म्हणजे मराठवाड्याच्या शेजारच्या एका आडवळणाच्या टेकडीवरून दख्खनची बातमी थेट लंडनला जात होती.

या घरात एक मुलगा नेहमी येई. बालराजा व्यंकटप्पा नायक. तो टेलरला अप्पा म्हणे. कानडी आणि मराठी या दोन्ही भाषांत वडीलधाऱ्याला लावायचा हा शब्द. टेलरने त्याच्या शिक्षणाची व्यवस्था केली, संस्थानाचे कर्ज फेडले, वसुली मार्गावर आणली आणि 1853 मध्ये राजा वयात आल्यावर शिल्लक असलेला खजिना त्याच्या हवाली करून तो निघाला. राणी ईश्वरम्मेने त्यापूर्वी एकदा मुलाची जन्मपत्रिका टेलरपुढे आणवली होती. राजा चोविसावे वर्ष पूर्ण करणार नाही, असे भविष्य तीत मांडलेले होते. ही गोष्ट मोजक्या लोकांनाच माहीत होती आणि त्या मोजक्यांत हा परका माणूस होता.

त्याच 1853 साली निजामाने इंग्रजांशी तह केला. कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा प्रदेश इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. बीड मात्र निजामाकडेच राहिले. कंटिंजंटचे घोडदळ ज्या अंबाजोगाईत, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादेत तळ देऊन होते, ते गावही निजामाच्या मुलखात. हा तह बीडकरांच्या दृष्टीने दुर्लक्षित राहिला आहे. तहाने एकाच बालाघाटाचे दोन भाग केले. दक्षिणेकडे मोजणी आणि नवी जमाबंदी सुरू झाली, उत्तरेकडे सालारजंग यांच्या 1865 च्या जिल्हाबंदीपर्यंत वाट पाहावी लागली. मांजरेच्या दोन्ही बाजूंना बोलली जाणारी भाषा एकच, पीकपाणी एकच. शेतसाऱ्याची रीत मात्र त्या दशकभर वेगळी होती.

नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार टेलरकडे सोपवण्यात आला. विशीत ज्या तुळजापूर परिसरात तो घोडा दामटत फिरला होता, तिथेच पंचेचाळिशीत तो जिल्ह्याचा मुख्य होऊन आला. ठाणे होते नळदुर्गच्या किल्ल्यात. हा किल्ला त्याला विलक्षण आवडला. आदिलशाहीत दुसऱ्या इब्राहिमच्या काळी, 1613 मध्ये, बोरी नदीवर भक्कम बंधारा घालून नळदुर्ग आणि रणमंडळ जोडण्यात आले आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला गेला. डोक्यावरून नदी कोसळत असताना आत कोरड्या दालनात बसून पाण्याचा पडदा पाहण्याची ती सोय. बंधाऱ्याचे गणित ज्याने मांडले त्या कारागिराबद्दल टेलरला आदर वाटला असला पाहिजे, कारण तो स्वतः त्या वेळी तलावांच्या आणि रस्त्यांच्या गणितात बुडालेला होता.

नळदुर्गची चार वर्षे ही त्याच्या आयुष्यातील सर्वांत कष्टाची आणि बहुधा सर्वांत समाधानाची. जिल्ह्यात धड रस्ते नव्हते. शेतांच्या हद्दी ठरलेल्या नव्हत्या. वतनदारांचे, इनामदारांचे आणि कुळांचे दावे एकमेकांत गुंतलेले. दिमतीला प्रशिक्षित मोजणीदार नव्हते, तेव्हा त्याने स्थानिक तरुणांना साखळी धरायला आणि नकाशे काढायला शिकवले. मोजणीचे काम हे भाषेचेही काम आहे, हे जमिनीच्या व्यवहारात पडलेल्या कोणालाही पटेल. काळी आणि पांढरी, जिरायत आणि बागायत, मिरास आणि उपरी, बांध, शीव, ओढा, वहिवाट, या प्रत्येक शब्दामागे एखादा जुना तंटा दबा धरून बसलेला असतो. सारे दप्तर मोडी लिपीत, कुलकर्ण्यांच्या हाती. साहेबाला मराठी येत नसेल तर कुलकर्णी सांगेल तोच कायदा. टेलर मात्र मराठी आणि हिंदुस्थानी या दोन्ही भाषांत रयतेशी थेट बोलू शकत असे आणि फिर्यादी स्वतः ऐकून घेई. त्यामुळेच त्याच्याभोवती गर्दी जमे. मेडोज या न उच्चारता येणाऱ्या नावाचे लोकांनी महादेव केले, पुढे बाबा लावले आणि बायका जात्यावर ज्या चालीत दळतात त्या चालीत त्याच्यावर गाणीही रचली गेली, असे सांगतात.

अर्थात, या भक्तिभावाकडे आजच्या वाचकाने थोडे सावधपणे पाहायला हवे. टेलरच्या लोकप्रियतेची बहुतेक माहिती टेलरच्याच आत्मचरित्रातून आलेली आहे. शिवाय तो कितीही कनवाळू असला, तरी सारा वसूल करणारा तोच होता आणि ज्या मोजणीने रयतेला हद्दी मिळाल्या, तिनेच सरकारच्या हाती वसुलीचे पक्के साधनही दिले. तो साम्राज्याचा नोकर होता आणि त्याबद्दल त्याच्या मनात संभ्रम नव्हता. मात्र त्या काळच्या इतर अधिकाऱ्यांची दप्तरे चाळली की फरक लगेच कळतो. त्यांच्या लेखी नेटिव हा एक घोळका आहे. टेलरच्या लेखी प्रत्येकाला नाव, गाव, नातीगोती आणि कुलदैवत आहे.

1857 च्या उठावाने हे सारे विस्कटले. उत्तरेत आगडोंब उसळला असताना टेलरला तातडीने नळदुर्ग सोडून वऱ्हाडात बुलढाण्याला जाण्याचा हुकूम मिळाला. गोरी पलटण सोबत नाही, फौजफाटा नाही, नवा जिल्हा आणि अस्वस्थ वातावरण. तरीही तिथे उठाव झाला नाही. मद्रासकडून उत्तरेकडे निघालेल्या जनरल व्हिटलॉक यांच्या फौजेसाठी बैल आणि सामान गोळा करण्याचे कामही त्याने तडीला नेले. स्थानिकांशी बोलण्याची त्याची हातोटी इथे कामाला आली, असे म्हणणे गैर होणार नाही.

तिकडे सुरपूरला मात्र आगीची ठिणगी पडली होती. टेलर गेल्यानंतरच्या चार-पाच वर्षांत तरुण राजाने खजिना उडवला होता, पुन्हा कर्ज झाले होते. भोवतीच्या हालचालींनी तो अस्वस्थ झाला. रेसिडेन्सीने कॅम्पबेल नावाच्या अधिकाऱ्याला तिथे पाठवले होते, पण टेलरला जे जमले ते त्याला जमणे शक्य नव्हते. फेब्रुवारी 1858 मध्ये बेडरांनी इंग्रजी तळावर हल्ला केला. उठाव अल्पावधीत मोडून काढण्यात आला. राजा हैदराबादला निसटला, पण तिथे पकडला गेला.

यानंतरचा प्रसंग सावरकरांनी आपल्या सत्तावन्नच्या इतिहासातही नोंदवला आहे आणि तोही टेलरच्याच आठवणींच्या आधारे. कैदेतील राजाला भेटायला टेलर गेला. राजाने अप्पाला मिठी मारली. उठावाला फूस लावणाऱ्यांची नावे त्याच्याकडून काढून घ्यावीत, अशी रेसिडेंटची अपेक्षा होती. नावे सांगितली तर जीव वाचण्याची शक्यताही होती. ज्याच्या अंगाखांद्यावर खेळलो त्या अप्पासाठी राजा काहीही करायला तयार होता, पण नावे सांगायला त्याने नकार दिला. मरण यायचेच असेल तर चोरासारखे फासावर लटकवू नये, तोफेच्या तोंडी द्यावे, एवढीच त्याची मागणी होती. ज्या भाषेने टेलरला या मुलाच्या घरात प्रवेश मिळवून दिला, त्याच भाषेत आता सरकारसाठी चौकशी करायची होती. टेलरने आग्रह केला नाही.

राजाला फाशीची शिक्षा झाली. टेलर आणि रेसिडेंट यांच्या रदबदलीने ती सौम्य होत गेली आणि अखेरीस गव्हर्नर जनरलनी ती चार वर्षांच्या कैदेवर आणली. वर्तन चांगले राहिल्यास संस्थान परत मिळण्याची आशाही होती. टेलरला हायसे वाटले. पत्रिकेतील भविष्य खोटे ठरले, असे त्याला वाटले. पण मद्रास इलाख्यातील कैदेच्या जागेकडे नेत असताना वाटेतल्या एका मुक्कामावर राजाच्या हाती पहाऱ्यावरील अधिकाऱ्याचे पिस्तूल आले आणि त्याच्या गोळीने त्याचा अंत झाला. चोविसावे वर्ष अजून पुरे झाले नव्हते. बातमी आली तेव्हा टेलर सुरपूरला होता. राजाविना पोरक्या झालेल्या संस्थानाचा कारभार पाहायला त्यालाच पुन्हा पाठवण्यात आले होते. टेकडीवरच्या त्याच घरातून आता खालचे गाव कसे दिसत असेल, याची कल्पना वाचकानेच करावी.

1860 मध्ये प्रकृती ढासळल्याने त्याने हिंदुस्थान सोडला. त्याच वर्षी झालेल्या तहाने नळदुर्ग आणि रायचूर निजामाला परत मिळाले, आणि सुरपूरही निजामाच्याच पदरात पडले. म्हणजे टेलरने आयुष्याची उमेदीची वर्षे जिथे घातली, त्या दोन्ही जागांवरून इंग्रजी अंमल त्याच्या पाठोपाठ उठला. डब्लिनजवळ हॅरल्ड्स क्रॉस येथे तो राहू लागला. सुरुवातीला स्मृतीच जणू गोठली होती. हळूहळू ती उघडली आणि तिच्यातून जे बाहेर आले ते थेट आपल्या भागातले होते. 1863 मध्ये आलेल्या ‘तारा’ या कादंबरीची नायिका तुळजापूरच्या भवानीच्या सेवेत वाहिलेली ब्राह्मणाची मुलगी आहे. अफजलखान, शिवाजी महाराज, प्रतापगड हा इतिहास त्यात येतो, पण कथेचे घर तुळजापूर आणि नळदुर्ग हेच आहे. मंदिराकडे उतरणाऱ्या पायऱ्या, कुंडांवरची गर्दी, किल्ल्यातील वाड्यांची दालने, हे सारे पाहिलेल्या आणि राहिलेल्या माणसाचे लेखन आहे. पाठोपाठ ‘राल्फ डार्नेल’ आणि ‘सीता’ या कादंबऱ्या आल्या. 1657, 1757 आणि 1857 अशी शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने बेतलेली ही त्रयी. विजापूरच्या वास्तूंवरील 1866 च्या ग्रंथात फर्ग्युसन यांच्यासोबत त्याचेही लेखन आहे आणि 1870 मध्ये विद्यार्थ्यांसाठी त्याने हिंदुस्थानचा इतिहासही लिहिला. 1869 मध्ये सरकारने त्याला एक किताब दिला. हयातभर ज्या बरोबरीच्या दर्जासाठी तो झगडला, तो मात्र नोकरीत असेपर्यंत मिळालाच नाही.

शेवटच्या वर्षांत दृष्टी अधू झाली. तरीही 1875 मध्ये तो पुन्हा हिंदुस्थानात आला. सालारजंग यांच्या निमंत्रणावरून हैदराबादला गेला. ज्या मुलखाचा चप्पा-चप्पा त्याने रेखाटला होता, तो आता त्याला नीट दिसत नव्हता. आवाज मात्र ओळखीचे होते. तिथेच त्याला तापाने गाठले. परतीच्या वाटेवर तो फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मेन्टन या गावी थांबला आणि 13 मे 1876 रोजी तिथेच त्याचे निधन झाले. पुढच्या वर्षी, 1877 मध्ये, त्याची कन्या अ‍ॅलिस हिने संपादित केलेले त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

नळदुर्ग पुढे निजामाच्या जिल्ह्याचे ठाणे म्हणून काही दशके गजबजलेले राहिले आणि मग ते ठाणेही धाराशिवला गेले. किल्ल्यातील वस्ती ओसरली. बंधारा मात्र चारशे वर्षांनंतरही पाणी अडवून आहे. पावसाळ्यात बोरीला पूर आला की नर आणि मादी दोन्ही सांडवे एकदम वाहू लागतात. सोलापूर, लातूर आणि बीडकडच्या गाड्यांची किल्ल्याबाहेर रांग लागते.